खाल्लेल्या पानांचं गिऱ्हाईक

मणियार सरांनी मला फसवलं. एकदा नाही, नऊ वर्षं फसवलं, आणि तेही माझ्याच नर्सरीत, माझ्याच समोर उभं राहून. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. पण सर गेले त्याला दोन महिने होत आले, आणि जुळे सोलापुरातली त्यांची बाग, जिचं फाटक उघडलं की दहा-वीस फुलपाखरं एकदम उठायची, ती आज रिकामी पडली आहे. ती माझ्यामुळे रिकामी झाली की त्यांच्यामुळे, एवढ्या एकाच गोष्टीचा निकाल मला लावायचा आहे. बाकी सर किती चांगले होते वगैरे लिहायला त्यांचे विद्यार्थी आहेत.

विजापूर रस्त्याला माझी नर्सरी आहे. शुक्रवारी आंध्रातून झाडांचा ट्रक येतो आणि तो रिकामा होईपर्यंत मी कुणाचा फोन घेत नाही. त्या शुक्रवारी ट्रकवाल्यानं चांगल्या पामच्या मागं शेंडा मोडलेले पाम दडवले होते आणि आमची जुंपली होती. तेवढ्यात सरांच्या मुलाचा फोन आला. मी कापला. तासाभरानं पुन्हा आला, पुन्हा कापला. दुपारी तिसऱ्यांदा आला तेव्हा चिडून उचलला आणि काय आहे म्हणून खेकसलो. “काका, अब्बा गेले,” एवढंच तो बोलला. मी तसाच निघालो. ट्रकवाला मागून विचारत राहिला की मोडक्यांचं काय करायचं... मी पोचलो तेव्हा जनाजा कब्रस्तानात पोचला होता. माती तेवढी द्यायला मिळाली. मी मातीवर पोट भरणारा माणूस, पण माती अशी मोजून, तीनच मुठी, कधी टाकली नव्हती.

सर शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाले त्याच वर्षी ते पहिल्यांदा माझ्याकडं आले, जुन्या स्कूटरवर, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. लिंबाचं रोप पाहिजे म्हणाले. मी रांग दाखवली. गिऱ्हाईक सरळ, तजेलदार, भरल्या पानांचं रोप उचलतं. या गृहस्थांनी अर्धा तास घालवून नेमकं टोकाचं, पानं कुरतडलेलं, मी टाकून द्यायला काढलेलं रोप उचललं. वर मलाच म्हणाले, “हे किती खाल्लंय बघा, मारुतीशेठ. हेही त्याच भावात देणार?”

“मग शेजारचं चांगलं घ्या की, सर.”

“चांगलं मास्तरला झेपत नाही.”

मी निम्म्यावर आलो. ते आणखी खाली उतरले. शेवटी जे ठरलं त्यात कुंडीसुद्धा निघत नव्हती, पण मी मनात खूश होतो. संध्याकाळी खताच्या खड्ड्यात जाणारं रोप मी एका शिकलेल्या माणसाच्या गळ्यात मारलं होतं. करकंबहून सायकलवर वांग्या-मिरचीची रोपं आणून दारोदार विकणाऱ्या पोराची ही नर्सरी झाली ती अशाच नजरेवर. समोरच्याला काय कळत नाही, हे आपल्याला कळलं की धंदा होतो. त्या दिवशी मला वाटलं, सरांना झाडातलं काही कळत नाही.

मग ते येतच राहिले. दर वेळी खाल्लेलं रोप, दर वेळी घासाघीस. लिंबू नेलं, बेल नेला, बहावा नेला. कढीपत्ता तर इतक्या वेळा नेला की एकदा न राहवून मी विचारलं, घरी खानावळ काढली आहे का. “आहेत खाणारे,” म्हणाले आणि रोपावर ओलं फडकं टाकून स्कूटरच्या पुढ्यात ठेवलं. वाऱ्यानं पानं फाटू नयेत म्हणून फडकं, असं मी समजलो. आता फाटायला त्यात उरलं काय होतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. उलट मी शेडच्या मागं त्यांच्यासाठी वेगळी रांगच केली. किडकं, पोखरलेलं, वाकडं, जे पुढं ठेवायची लाज वाटेल ते सगळं त्या रांगेत. माझ्याकडं वीस वर्षं काम करणारा इराप्पा, अक्कलकोटकडचा माणूस, पाठीवर पंप बांधून रोज औषध मारतो. त्यालाही मी सांगून ठेवलं की त्या रांगेवर औषध वाया घालवू नको, ती मास्तरला जाते. म्हणजे बघा, नऊ वर्षं मी स्वतःच्या जागेत, स्वतःच्या पाण्यावर त्यांच्यासाठी अळ्या वाढवत होतो आणि वर मान खाली घालून भाव पाडून देत होतो.

इराप्पाला शंका आली होती. “मालक, मास्तर पान उलटं करून बघत्यात की,” असं तो एकदा मला म्हणाला होता. मी म्हणालो, चित्रकलेचा मास्तर आहे, शिरा बघत असेल.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो ईदेला. रोहाऊस, पुढं आणि बाजूला मिळून लांबट पट्टा. तिथं जे उगवलं होतं ते बघून माझं डोकं फिरलं. फाटकाला रुई. भिंतीला कोरांटी. पाण्याच्या टाकीशेजारी एरंड. मधल्या जागेत पावसाळ्यात रस्त्याकडेला माजतो तो टाकळा, आणि पायाखाली घोळीची रानभाजी पसरलेली. माझ्याकडून नेलेली लिंबं, बेल, कढीपत्ते सगळे जिवंत होते, पण चाळण झालेले. आजूबाजूला हिरवळी, कुंड्यांच्या रांगा, आणि मध्ये हे रान. मला लाज वाटली ती अशी की हा माणूस माझं गिऱ्हाईक आहे हे शेजाऱ्यांना माहीत होतं. फुलपाखरं होती, खूप होती, ती मी पाहिली. कोरांटीला फुलं आहेत म्हणून आली असतील असं समजलो. अळीचं फुलपाखरू होतं हे मी शाळेत शिकलो होतो. पण शाळेतलं ज्ञान धंद्यात कोण वापरतो? अळी आली की औषध, आणि फुलपाखरू आलं की गिऱ्हाईक खूश. ही दोन्ही एकाच घरची माणसं आहेत हे मी कधी जोडलंच नाही.

शनिवारी सकाळी त्यांच्या दाराशी बायका यायच्या. मारुतीच्या माळेला रुईची पानं लागतात, आणि त्या भागात धड वाढलेली रुई सरांकडंच. सर कुणाला स्वतः पान तोडू द्यायचे नाहीत. स्वतः एकेक पान तोडायचे, खालून-वरून निरखायचे, काही बाजूला ठेवायचे, मग देवाची पानं म्हणून दोन्ही हातांनी द्यायचे. एक आजी माझ्यादेखत म्हणाल्या की मुसलमान असून किती मनोभावे देतो बघा मास्तर. सर नुसते हसले. आता मला कळतं, ते पानाखाली अंडी आहेत का बघत होते. मनोभावे देत नव्हते असं मी म्हणत नाही. दोन्ही करत असतील. एका कामात दोन कामं उरकायची त्यांना सवयच होती.

त्या ईदेला मी त्यांच्यासाठी चांगली, परदेशी जातीची फुलझाडं नेली होती. माझ्या नर्सरीतलं सर्वांत महागाचं, आणि फुकट. त्यांनी आदरानं घेतली, शिरखुर्मा पाजला आणि आठवड्यानं मला ती झाडं शेजारच्या गॅलरीत दिसली. मी संतापलो. सरांना तिथंच रस्त्यात गाठलं. माझी झाडं तुमच्या उकिरड्याला शोभत नाहीत का, असंच विचारलं. सर शांतपणे म्हणाले, “तुमची झाडं पाहुण्यासारखी आहेत, मारुतीशेठ. नटून येतात, मिरवतात. पण इथल्या कुणाला जेवू घालत नाहीत.” मला तो टोमणा वाटला. महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. त्या महिन्यात ते चार वेळा आले, मागच्या रांगेतून चार झाडं घेऊन गेले आणि भाव इराप्पाशी केला.

खरं सांगायचं तर एकदा त्यांनी सांगायचा प्रयत्न केला होता. मी प्रामाणिक आहे, म्हणून हेही लिहितो. नव्या सोसायट्यांची माणसं हल्ली बागेत फुलपाखरं पाहिजेत म्हणून येतात. मी त्यांच्यासाठी एक मांडणी केली होती: रंगीत घाणेरी, एक्झोरा, पेंटास, वर फुलपाखराच्या चित्राची पाटी. सरांनी चष्मा पुसून ती पाहिली आणि म्हणाले की नाष्ट्याची सोय चांगली आहे, पण राहायची नाही. म्हणजे काय, मी विचारलं. म्हणजे टाकळा ठेवा, रुई ठेवा, कोरांटी ठेवा, इथल्या मातीतली झाडं ठेवा. मी मोठ्यानं हसलो. रस्त्याकडेला फुकट उगवतं ते कोण विकत घेईल, उद्या म्हणाल गाजरगवत ठेवा. “ते नको,” सर म्हणाले, “ते बाहेरून आलंय.” एवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि मी तिकडं वळलो. सर थांबले असते तर मी पुन्हा विचारलं असतं. ते थांबले नाहीत. मागच्या रांगेकडं गेले.

शेवटचे आले ते रिक्षानं. स्कूटर मुलानं बंद केली होती. दम लागत होता, शेडच्या खांबाला धरून उभे राहिले. बेलाचं रोप उचललं, अगदी पोखरलेलं, आणि मी सांगितला तो भाव मुकाट्यानं देऊ केला. पैसे घ्यायला मी हात पुढं केलाच नाही. म्हणालो, “घासाघीस करा की, सर.”

“आज राहू दे,” ते म्हणाले.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. नऊ वर्षांत हा माणूस एकदाही पहिल्या भावात उठला नव्हता. मी मात्र मनात म्हणालो, अखेर थकला म्हातारा, जिंकलो आपण... दोन आठवड्यांनी तो फोन आला.

चाळिसाव्याला, म्हणजे सर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, त्यांचे नातेवाईक येणार होते, विजापूरहून, हैदराबादहून. सरांचं घर बाहेरून बघून लोक काय म्हणतील, या विचारानं मला झोप लागेना. सरांसाठी काहीतरी करावं असं फार वाटत होतं, आणि मला जे येतं ते हेच. आदल्या दिवशी मी इराप्पाला पंप घेऊन पाठवलं. एकही खाल्लेलं पान दिसता कामा नये, म्हणालो, सरांची बाग आहे. त्यानं मन लावून काम केलं. पानांवर फवारलं, मुळाशी ओतलं, टाकळा उपटला, घोळ खुरपली, खाली पडलेलं सगळं झाडून काढलं. “सुपलीभर अळ्या निघाल्या, मालक,” असं त्यानं अभिमानानं येऊन सांगितलं आणि मी त्याला वर जिलेबी चारली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. भाभी इद्दतमध्ये होत्या. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं परक्या पुरुषासमोर यायचं नाही, अशी त्यांच्यात रीत आहे. त्यामुळं मी बैठकीत आणि त्या आतल्या खोलीत, मध्ये दाराचा पडदा. ख्यालीखुशाली झाली. मग त्यांनी विचारलं, “मारुतीभाई, दवा मारी क्या बाहर? कल से बास आ रही.”

“होय भाभी,” मी म्हणालो, “एक अळी ठेवली नाही.”

पडदा आतून कुणी मुठीत धरावा तसा गोळा झाला. मला वाटलं, रडत असतील, सरांच्या आठवणीनं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “वो अळ्याच तो पालते थे भाई, उनो.”

पुढचं सगळं मी पडद्याकडं बघत ऐकलं. रुईवरची पट्टेवाली अळी रुईच खाते, तिचं केशरी फुलपाखरू होतं. लिंबाची आणि बेलाची एक, कढीपत्त्यावर आणखी एक, बहावा आणि टाकळ्यावरची पिवळी, कोरांटीची निळी, आणि वाघाटीच्या वेलाची पांढरी, तो वेल मात्र सरांना कधी मिळाला नाही. प्रत्येकीला तिचंच पान लागतं, दुसरं दिलं तर उपाशी मरते पण खात नाही. म्हणून आधी ते पान देणारं झाड लावायचं, मग फुलपाखरं आपोआप येतात. पण जुळे सोलापूर नवं, सगळीकडं फरशी आणि हिरवळ. सुरुवातीला काही येईना. तेव्हा सरांना माझी नर्सरी सापडली. माझ्या पुढच्या रांगा औषधात न्हालेल्या, पण टाकून दिलेल्या रोपांवर अळ्या जिवंत. त्या रोपासकट घरी आणायच्या, म्हणजे बी पडल्यासारखं. भाभी सांगत होत्या की रात्री जेवताना ते सांगायचे, आज मारुतीशेठकडून सात पाहुण्या आणल्या. मी भांडलो होतो त्या महिन्यात सुद्धा.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं. एवढा मोठा आवाज झाला की बैठकीतले दोघं-तिघं माझ्याकडं बघायला लागले.

“बोलते थे, मारुतीशेठ को समझ्या तो भाव बढाता.”

आत सूनबाई हसली की हुंदका आला, मला कळलं नाही.

भाव वाढवला असता का? वाढवला असता. दुसऱ्या दिवशी ‘फुलपाखरांचं झाड’ अशी पाटी लावून दुप्पट केला असता. सरांनी मला बरोबर ओळखलं होतं आणि मला राग त्याचाच येतो. माणसाला एवढं ओळखायचं आणि वर त्याच्याशी नऊ वर्षं हसून बोलायचं, ही फसवणूक नाही तर काय?

आता पुढचं ऐका. जे औषध इराप्पानं मुळाशी ओतलं ते पावसानं धुऊन जाणारं नाही. ते झाडाच्या रसात चढतं, पानापानात पोचतं आणि महिनोन् महिने राहतं. हे मीच गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगतो. म्हणजे ती रुई, ते लिंबू, तो बेल वरून हिरवेगार दिसतात, पण त्यांवर आज कुणी अंडं घातलं तर बाहेर पडणारी अळी पहिल्याच घासाला मरेल. खाल्लेलं पान एक नाही. बाग पहिल्यांदाच माझ्या मनासारखी झाली आहे आणि तिच्याकडं बघवत नाही.

नवी झाडं लावायची म्हणून मी माझ्या नर्सरीत शोधली. एवढ्या मोठ्या नर्सरीत एक रुई नाही, टाकळा नाही, वाघाटीचा वेल नाही, आणि जे लिंबू-बेल आहेत ते औषध प्यालेले; सर गेल्यावर मागची रांगही मी खताच्या खड्ड्यात घातली होती. शेवटी टेम्पो घेऊन गावी, करकंबला गेलो. चुलतभाऊ ज्ञानू उसाच्या बांधावर उभा होता. मी काय न्यायला आलोय हे ऐकून तो बांधावरच बसला.

“सोलापूरचा शेठ टेम्पो घिऊन तण न्यायला आलाय व्हय?”

“तण न्हाय, झाडं हायती ती.”

“मग ने की समदी. माझी खुरपणी वाचंल.” मी वाघाटीचं विचारलं. आई जिच्या फळांची भाजी करायची तो वेल, लहानपणी प्रत्येक बांधावर असायचा. “ती कुटं ऱ्हायलीय आता,” ज्ञानू म्हणाला. “बांध चकाचक ठिवतो आमी. औषध मारतो. तुज्यासारख्याकडनंच आणतो की.”

दिवसभर ओढ्याकाठी फिरलो. थोडा टाकळा, कोरांटीची चार रोपं, दोन रुया आणि एका पडक्या विहिरीच्या कठड्याला वाघाटीचा एक कोंब, एवढं मिळालं. रुईचं मूळ खोल, उपटून लावलेली सहजी धरत नाही. त्या दोन्ही आता सरांच्या बागेत भिंतीला मान टाकून उभ्या आहेत. टाकळा जगेल. वाघाटीचं सांगता येत नाही.

जुन्या विषारी झाडांवर मी नर्सरीतली हिरवी जाळी बांधली, फुलपाखरांना ती दिसू नयेत, त्यांवर बसता येऊ नये म्हणून. आठ दिवसांपूर्वी बांधली. काल सकाळी मी तिथं पाणी घालत होतो तेव्हा एक केशरी मादी आली. कुठून आली देव जाणे. भिंतीकडच्या सुकलेल्या रुयांकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. सरळ फाटकाच्या मोठ्या रुईवर गेली आणि जाळीवर आपटली. वर गेली, बाजूनं आली, पुन्हा आपटली. पोटाचं टोक वाकवून जाळीच्या भोकातून आत घालायला बघत होती. मी टोपीनं तिला हाकललं. ती गेली आणि परत आली. फुलपाखरांसाठी केलेल्या बागेत मी अर्धा तास फुलपाखरू हाकलत होतो. खिडकीच्या पडद्यामागं कुणीतरी उभं होतं. मी तिकडं बघितलं नाही.

सर, पंप इराप्पानं मारला आणि मारायला मी लावला, हे मी चार माणसांत कबूल करतो. इथं छापूनही कबूल करतो. पण मला अडाणी कुणी ठेवलं? आयुष्यभर तुम्ही पोरांना शिकवलंत, त्यातली निम्मी माझ्यापेक्षा ढ होती. मला एकट्यालाच शिकवायचं नाही, असं तुम्ही कशावरून ठरवलंत? मी भाव वाढवला असता, मान्य. तुम्ही पाडला असता. तुमच्यापुढं मी कधी जिंकलो होतो? भांडलो असतो, पण झाडं जगली असती. ती मादी उद्या पुन्हा येणार, परवा पुन्हा येणार, तिला घालायची अंडी थांबत नाहीत. तिला जाळीबाहेर मी काय सांगून थांबवू? मला तुमच्याकडूनच उत्तर पाहिजे, सर. भाभींचं नको, मुलाचं नको. तुमचं.